दर तीन वर्षांनी राज्य बदलत असेल तर शिक्षिका म्हणून करिअर होतं का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. तुम्ही म्हणताय बी.एस्सी. बी.एड. झालंय, धुळ्यात दोन वर्षं शिकवलंय, आता मिस्टरांची केंद्राची नोकरी, दोन-तीन वर्षांनी नवं राज्य, आणि घरचे म्हणतात शाळा सोड, ट्युशन घे. मी भुसावळची, मिस्टर बँकेत ऑफिसर, लग्नानंतर बडोदा, रायपूर, हुबळी असं फिरून आता आम्ही जळगावला आलोय आणि तिन्ही गावांत मी शाळेत गणित शिकवलंय. करिअर होतं. पण झेडपीच्या मॅडमसारखं वर्षागणिक वर जाणारं होत नाही, प्रत्येक गावात सिनियॉरिटी पुन्हा शून्यापासून, हे आधीच मनाशी पक्कं करा म्हणजे नंतर त्रास कमी होतो.

राज्याच्या भरतीमागे फार वर्षं घालवू नका असं मला वाटतं. महाटीईटी म्हणजे राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा, मग टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं पवित्र पोर्टल, हे सगळं महाराष्ट्रापुरतं. गुजरातची टीईटी वेगळी, कर्नाटकची वेगळी, वर तिथली भाषा यायला हवी, आणि आपला ओबीसीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या भरतीत चालत नाही, तिथे ओपनमध्येच धरतात. तुमच्यासोबत सगळीकडे येते ती सीटीईटी, म्हणजे केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा. १५० मार्कांचा पेपर, ओपनला ९० लागतात, निगेटिव्ह मार्किंग नाही, भाषेत मराठी घेता येते. तुम्ही पेपर दोन द्या, सहावी ते आठवीचा, कारण पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही असा सुप्रीम कोर्टाचा निकाल ऑगस्ट २०२३ मध्ये आलाय. मी पहिल्या वेळी थोडक्या मार्कांनी अडकले होते, बडोद्यात पोरगं वर्षाचं होतं, रात्री ते झोपलं की बालमानसशास्त्राचा भाग वाचायचा, २०१५ ला निघाली. तेव्हा सर्टिफिकेट सात वर्षांचंच असायचं, म्हणजे माझं २०२२ ला संपणार होतं, पण २०२१ मध्ये सरकारने ते कायमचं केलं, आधीच्यांचंही, त्या दिवशी मी खरंच पेढे वाटले.

शाळा शक्यतो सीबीएसईच बघा, पुस्तकं बहुतेक एनसीईआरटीची, त्यामुळे रायपूरची आठवी आणि हुबळीची आठवी यात धडे शोधत बसावं लागत नाही. पण भाषेची तयारी करा. मी मराठी मिडीयमची, रायपूरला पहिल्याच आठवड्यात एक मुलगा विचारतो मैम भिन्न समझ में नहीं आया, आणि मी विचार करतेय हा काय वेगळं म्हणतोय, तर हिंदीत अपूर्णांकाला भिन्न म्हणतात! त्या रात्री वही घेतली आणि तीन रकाने पाडले, मराठी, हिंदी, इंग्लिश, वजाबाकी म्हणजे घटाव, लसावि म्हणजे लघुत्तम समापवर्त्य, असं करत पन्नास-साठ शब्द झाले. हुबळीला चौथा रकाना कन्नडचा, तो मला तिथल्या मुलांनीच भरून दिला, आणि त्याच कामामुळे ती मुलं माझ्याजवळ आली. ती वही अजून माझ्याकडे आहे.

आता कागद, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथेच मी सगळ्यात जास्त रडलेय. एका शाळेतून मी नोव्हेंबरमध्ये निघाले, बदलीची ऑर्डर अचानक आली होती, तर त्यांनी अनुभवाचं पत्रच दिलं नाही, पगारही अडवला. अडीच वर्षं शिकवलेलं कागदावर नाहीच! शेवटी बँकेत जमा झालेला पगार आणि अपॉइंटमेंट लेटर दाखवून पुढच्या शाळेत कसंबसं पटवलं. तेव्हापासून मी दर एप्रिलला, नोकरी चालू असतानाच, प्रिन्सिपलकडून लेटरहेडवर लिहून घेते, कोणत्या तारखेपासून, कोणता विषय, कोणते वर्ग. ओरिजिनल डिग्री कुठल्याही शाळेत जमा करायची नाही, कितीही गोड बोलू देत. पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर, एकच ठेवा, नवीन शाळेने नवीन काढला तर लगेच सांगा. ट्रेनिंगची सर्टिफिकेटंही फाईलला लावत जा, सीबीएसईच्या शिक्षकांना वर्षाला ५० तास करावेच लागतात.

आणि आपल्या खानदेशातल्यांची एक खास अडचण, माझ्या डिग्रीवर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे आणि २०१८ पासून नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालंय, हुबळीच्या एचआरला ऑनलाइन शोधून जुन्या नावाने काही सापडेना आणि ती माझ्याकडे संशयाने बघायला लागली. नामकरणाची सरकारी अधिसूचना प्रिंट काढून ठेवा. डिग्री माहेरच्या नावाने असेल तर मॅरेज सर्टिफिकेटही त्याच फाईलमध्ये.

इंटरव्ह्यूला बदलीचं लपवू नका. लपवून घेतलेली नोकरी मी एकदा केलीय, वर्षभर छातीत धडधड. नंतर मी सरळ सांगायचे की मी अंदाजे तीन वर्षं आहे आणि दहावीची बॅच वर्षाच्या मध्ये सोडून जाणार नाही, गरज पडली तर मिस्टर आधी जातील, मी मार्चनंतर. हुबळीहून निघताना तसंच केलं, चार महिने वेगळे राहिलो. दोन शाळांनी नाही म्हटलं, तिसरीने घेतलं.

केंद्रीय विद्यालयाची (केव्ही) जाहिरात आली की मात्र टीजीटीचा, म्हणजे सहावी ते दहावीच्या शिक्षकांचा, फॉर्म भराच, वयाची अट असते म्हणून लवकर भरा. तिथे परमनंट लागलात तर बदली देशभर होते आणि नवरा-बायको एका गावी यावेत हेही बघितलं जातं, तुमच्या परिस्थितीला त्याहून चांगलं मला काही दिसत नाही. तोवर नवीन गावात पोचल्यावर तिथल्या केव्हीत चौकशी करा, दरवर्षी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्टवर शिक्षक घेतात, वॉक-इन असतो, तो अनुभवही पुढे दाखवता येतो.

ट्युशनला मी वाईट म्हणत नाही, हुबळीला पहिले सहा महिने मीही तेच केलं. माझी आई अमळनेरची, ती रोज फोनवर एकच विचारायची, "शाया भेटनी का व माय?" म्हणजे शाळा मिळाली का गं, आणि मी नाही म्हटलं की गप्प व्हायची. सातव्या महिन्यात हो म्हटलं तेव्हा ती फोनवरच रडली.

तुमची पहिली बदली कुठल्या राज्यात आहे ते लिहा, आणि निघायच्या आधी धुळ्याच्या शाळेतून त्या दोन वर्षांचं पत्र घ्या, या आठवड्यातच घ्या.