चौतिसाव्या वर्षी एमबीबीएस? आधी घरातल्या सगळ्यांची वयं लिहा

"ताई, डॉक्टर व्हायला आता फार उशीर झालाय का?" तिशी ओलांडलेले कितीतरी जण मला हे विचारतात. त्यातल्या एकीची हकीकत तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जानेवारी 2024. पीथमपूरहून कंपनीच्या बसने येऊन ती थेट इंदूरच्या रामबागेत माझ्याकडे आली. वय 34, एमएस्सी केमिस्ट्री, औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. मुलगा आठ वर्षांचा. सासऱ्यांचं डायलिसिस चार वर्षं चाललं: आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. शिफ्ट बदलून घेऊन बहुतेक वेळा तीच त्यांना न्यायची. ते जाऊन वर्ष झालं होतं, तरी त्यांच्या रक्ततपासणीतले क्रिएटिनिनचे आणि पोटॅशियमचे आकडे तिला तोंडपाठ होते.

नियमांचं तिने आधीच बघून ठेवलं होतं. पूर्वी एमबीबीएसच्या प्रवेशासाठी खुल्या वर्गाला 25 आणि राखीव वर्गाला 30 वर्षांची कमाल मर्यादा होती, ती मार्च 2022 मध्ये निघाली. तिची खरी अडचण वेगळी होती. बारावीला तिने गणित घेतलेलं, जीवशास्त्र नव्हतंच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांनाही नीटचं, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचं, दार उघडलं. त्या बातमीचं कात्रण तिच्या पर्समध्ये होतं.

म्हणजे कायद्याने वाट मोकळी होती. मी तिला विचारलं, "डायलिसिसच्या खोलीत तुला कोणाची जागा हवी होती? पेशंटजवळ चार तास थांबणारा टेक्निशियन, सिस्टर, की पाच मिनिटांसाठी येऊन जाणारे डॉक्टर?"

हे मी प्रत्येकाला विचारते. पेशंटजवळ बसायचं असेल तर नर्सिंग आहे, डायलिसिस टेक्निशियनचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी आयुष्याची साडेसात-आठ वर्षं लावावी लागत नाहीत. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या पाच मिनिटांत जे ठरतं ना ताई, ते मला कळायला हवं होतं. कोणी समजावून सांगावं एवढंच नको होतं मला. ठरवता यायला हवं होतं." खरं सांगते, तोपर्यंत मी तिला दुसऱ्या वाटेला वळवायच्या बेतात होते. त्यानंतर तो विचार सोडला.

मग जुन्या कालनिर्णयाचं पान उलटं करून आम्ही रकाने आखले. वर सालं लिहिली, खाली घरातल्या प्रत्येकाचं वय. अगदी पहिल्याच प्रयत्नात 2025 ला प्रवेश मिळाला, तर साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप धरून 2031. ती 41, सासूबाई 73, मुलगा दहावीत. घराचा हप्ता 2030 पर्यंत, आणि त्यातला निम्मा तिच्या पगारातून. पगार बंद झाल्यावर हातात पहिले पैसे येणार ते इंटर्नशिपच्या स्टायपेंडचे. एमडी करायचं तर आणखी तीन वर्षं. प्रवेशाला कमाल वयाची अट नसली तरी सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ती असते, हेही त्याच पानावर लिहिलं.

"एमजीएमला मिळालं तर घरून जाईन," ती म्हणाली. इथल्या सगळ्यांच्या मनात इंदूरचं सरकारी एमजीएम मेडिकल कॉलेज आणि त्याचं एमवाय हॉस्पिटलच असतं. पण राज्याच्या कौन्सिलिंगमध्ये, म्हणजे जागावाटपात, लांबचं रीवा लागलं तर? शहडोल लागलं तर? हा रकाना तिने भरलाच नव्हता. पुढच्या रविवारी नवऱ्याला आणि सासूबाईंना घेऊन ये, म्हटलं.

त्या बैठकीत मी फारसं बोलले नाही. नवऱ्याने दोन अटी घातल्या: प्रयत्न दोनच, आणि खासगी कॉलेजसाठी घर गहाण टाकायचं नाही. मला त्या योग्य वाटल्या. सासूबाई म्हणाल्या, "ह्यांना चार वर्षं हिनेच नेलं-आणलं. पोळ्या मी करीन. रीवाला जावं लागलं तर बाळ माझ्यापाशी राहील, त्याला वसतिगृहात नका टाकू." तिने लगेच होकार दिला नाही, आणि ते मला फार बरं वाटलं. मुलाला सोडून राहायचा विचार तिने त्या दिवशी पहिल्यांदा केला.

नोकरी सोडायची नाही, आधी तीन महिने पहाटे अभ्यास करून बघायचा, एवढं ठरलं. भंवरकुआँ भागातल्या कोचिंग क्लासची फीसुद्धा तोवर भरायची नाही. नीटच्या 720 गुणांत जीवशास्त्र एकटं 360 चं, म्हणजे निम्मा पेपर तिला पहिल्यापासून शिकायचा होता. मात्र तिचं घोडं अडलं ते फिजिक्समध्ये. सोळा वर्षांत सगळं पुसलं गेलेलं. पहिल्या सराव परीक्षेत 214. त्या दिवशी ती माझ्यासमोर रडली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बसली. मुक्त विद्यालयातून जीवशास्त्र त्याच वर्षी निघालं.

4 मे 2025 ला नीटच्या वेळी इंदूरात वादळ आलं, कितीतरी केंद्रांवर वीज गेली. तिचंही केंद्र त्यात होतं. प्रकरण पुढे हायकोर्टात गेलं. कोर्टाच्या निकालावर वर्ष टांगून ठेवू नकोस, एवढंच मी तिला सांगितलं. तिला 391 गुण मिळाले. सरकारी जागेच्या ते जवळपासही नव्हते. मग एजंटांचे फोन सुरू झाले, खासगी कॉलेजात जागा मिळवून देतो म्हणून. एका रात्री तिचा मला फोन आला, आवाज डळमळीत झालेला. "पान काढ," मी म्हटलं. घराच्या हप्त्याचा रकाना तिने मला मोठ्याने वाचून दाखवला आणि फोन ठेवला.

दुसरा प्रयत्न बाकी आहे. परवा येऊन तिने सगळी सालं एकेका घराने पुढे सरकवली. आता मुलाची दहावी आणि तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा एकाच वर्षी येतात. त्या चौकोनात तिने पेन्सिलीने लिहिलं: "टेबल मोठं घ्यायचं."