चंद्रकळा उलटी वाचताना

पुणे, आषाढ

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

वही वाचून परत पाठवतोय. भित्तिपत्रकासाठी साठ नवलं जमवलीस, अक्षर सुरेख आहे, पण त्यातली निम्म्याहून जास्त जशीच्या तशी फिरत्या मेसेजमध्ये येतात. 'तुम्हाला माहीत आहे का?' असं विचारलं की वाचणारा 'हो, आहे' म्हणून चहा प्यायला निघून जातो. तेव्हा नवल लिहायचं तर ते चालतं कसं आणि बिघडतं कुठे, हे दोन्ही त्याच कागदावर आलं पाहिजे. जे टेबलावर मांडून दाखवता येईल ते आधी घे. अशी दहा-बाराच उरतील, पण भिंतीवर जागा तरी कुठे जास्त आहे?

पहिल्या पानापासून सुरू करतो. 'बग हा शब्द संगणकात सापडलेल्या किड्यावरून आला, १९४५.' एका ओळीत दोन चुका. तो पतंग सापडला ९ सप्टेंबर १९४७ रोजी, हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या ७० नंबरच्या रिलेत, म्हणजे विजेने उघडझाप होणाऱ्या स्विचमध्ये. तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला आणि खाली लिहिलं की किडा खरोखरच सापडल्याची ही पहिली वेळ. त्यातल्या 'खरोखरच'कडे नीट बघ. यंत्रातल्या दोषाला 'किडा' म्हणायची पद्धत आधीपासून होती, म्हणून तर तो विनोद झाला. एडिसनच्या १८७८च्या पत्रातही हा शब्द त्याच अर्थाने आलाय. त्या यंत्रावर काम केलेल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर हा किस्सा रंगवून सांगत, त्यामुळे पतंग त्यांनीच पकडला असं लोक धरून चालतात. तू तसं लिहू नकोस. नोंदवहीचं ते पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

पण वाचणाऱ्याला खरी गंमत वेगळीच कळायला हवी: एवढासा पतंग खोलीभर यंत्र अडवतो कसा? ते पन्नास-शंभर रुपयांत दाखवता येतं. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, ५ व्होल्टचा एक छोटा रिले घे, सोबत लाल एलईडी, ३३० ओमचा रेझिस्टर आणि चार पेन्सिल सेल बसतील असा होल्डर. रिलेचं प्लॅस्टिकचं झाकण ब्लेडने चारी बाजूंनी हलकेच सैल करून काढ. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी दिसेल, तिच्यावर लोखंडी पट्टी आणि पट्टीच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढे कॉन्टॅक्ट. मल्टिमीटरवर ज्या दोन पायांमध्ये ७० ओमच्या आसपास येईल, ते गुंडाळीचे पाय. एलईडी आणि रेझिस्टर एकामागोमाग जोडून कॉमन (सामाईक) आणि नॉर्मली ओपन (एरवी सुटा राहणारा) या पायांमधून घे. गुंडाळीला वीज दिली की 'टिक्' आवाज येतो आणि दिवा लागतो. आता कॉन्टॅक्टच्या फटीत टिश्यू पेपरचा तिळाएवढा तुकडा सरकव आणि पुन्हा वीज दे. 'टिक्' येईल, दिवा लागणार नाही. रिलेने आपलं काम केलं, पट्टी हलली, पण धातूला धातू टेकला नाही. पतंगाचं वाळकं अंग वीज नेत नाही, त्यामुळे त्या रिलेतही बहुधा असंच झालं असावं. आवाज नेहमीसारखाच येत असल्यामुळे असा दोष कानाने सापडत नाही, हे कागदावर जरूर लिही.

दिवा मुळातच लागला नाही, तर एलईडीचा लांब पाय धन बाजूला आहे का बघ. वीज न देताच लागला, तर तू नॉर्मली क्लोज्डचा (एरवी जोडलेला राहणारा) पाय धरलायस. आणि घरच्या २३० व्होल्टच्या जवळ हे काही न्यायचं नाही. प्रदर्शनात कुणीतरी उत्साही 'थेट प्लगमध्येच लावू की' म्हणतोच. त्याला दोन पावलं लांब उभं कर.

पतंगाचा विषय निघालाच आहे, तर वहीतलं 'पतंग दिव्याकडे का येतात' हे पान सोड आणि त्याऐवजी ते बोलवून दाखव. आषाढातली दीप अमावस्या याला उत्तम. चंद्र नाही, हवा दमट. गच्चीच्या दोरीवर पांढरी सुती चादर टाक, खालचं टोक दोन फूट जमिनीवर पसरलेलं राहू दे, कारण बरेच जण खालीच उतरून बसतात. साधा पांढरा एलईडी लावलास तर निराशा होईल. त्यात अतिनील किरण जवळजवळ नसतात, आणि पतंगांना ओढ असते ती मुख्यतः त्यांचीच. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च चादरीपासून हातभर अंतरावर बांध. त्याच्याकडे थेट बघायचं नाही. आठ ते अकरा ही वेळ चांगली. शेजारच्या जिन्यातली ट्यूबलाइट मात्र बंद करून घे, नाहीतर निम्मे पाहुणे तिकडे जातील आणि तिथल्या पालीचं जेवण होईल.

पतंग बसले की एक जुनी युक्ती कर: चाव्यांचा जुडगा चादरीजवळ खळखळ हलव. काही पतंग पंख मिटून धपकन खाली पडतील, काही वेडेवाकडे उडतील, काही ढिम्म राहतील. चाव्यांच्या आवाजात आपल्याला ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीतला भाग असतो, आणि वटवाघळाची हाकही त्याच पट्टीत असते. ज्या पतंगांना कान आहेत ते दचकतात. हे कान बहुतेकांच्या डोक्यावर नसून काहींच्या छातीच्या बाजूला तर काहींच्या पोटाशी असतात. टायगर मॉथ गटातले काही पतंग तर वटवाघळाला उलट टकटक ऐकवतात. ढिम्म बसलेल्यांचीही नोंद घे, त्यांना वगळलंस तर प्रयोग खोटा होईल. दारात कण्हेर किंवा तगर असेल तर हिरव्या नक्षीचा मोठा हॉक मॉथ येण्याची शक्यता आहे, त्याच्या अळ्या याच झाडांवर वाढतात. लष्करी कापडाची आठवण यावी अशी ती हिरवी-गुलाबी चित्रकारी आहे. पंखांना बोट लावू नकोस, खवले निघून येतात. फोटोत शेजारी पट्टी ठेव. आणि मथळ्यात 'दिव्यावरचे पतंग' लिही, नाहीतर मुलं मांजा घेऊन येतील.

कपड्यांच्या पानांवर मी बरीच काट मारली आहे. जीन्सच्या खिशातला छोटा खिसा घड्याळासाठी होता, हे बरोबर. १८७३चं पेटंट मात्र त्या खिशाचं नव्हतं, ते शिवण उसवू नये म्हणून ठोकलेल्या तांब्याच्या रिव्हेटचं होतं. तेवढं दुरुस्त कर आणि पुढे हो. पुरुषांच्या शर्टाची बटणं उजवीकडे आणि बायकांची डावीकडे का, याची तू दिलेली तिन्ही कारणं (तलवार, दासी, नेपोलियन) पुराव्याविना फिरत असतात. ते पान फाडलंस तरी चालेल.

पैठणीचं पान मात्र चार पानांचं कर. लिहिलंयस की 'जॅकार्ड मागामुळे संगणक जन्मला.' घाई आहे, पण वाट बरोबर आहे. लियॉंच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमारास मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची साखळी बसवली. पुठ्ठा सुयांच्या रांगेवर दाबला जातो. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा आकडा वर उचलला जातो आणि ताण्याचा (उभा) धागा उठतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, आकडा निसटतो, धागा खालीच राहतो. बाण्याच्या (आडव्या धाग्याच्या) दर फेरीला एक पुठ्ठा. १८३९ मध्ये जॅकार्डचं रेशमी चित्रच विणलं, त्याला सुमारे २४ हजार पुठ्ठे लागले. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती आणि त्याने आखलेल्या गणनयंत्रातही पुठ्ठेच वापरायचे होते. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हॉलरिथ या अभियंत्याने भोकांची कार्डं मोजणीला लावली.

आता गोम ऐक. पारंपरिक हातमागावरच्या पैठणीच्या पदराला यातलं काहीच लागत नाही. तिथे रंगागणिक वेगळ्या छोट्या कांड्या असतात, विणकर ताण्याचे धागे मोजून प्रत्येक रंग त्याच्या हद्दीपुरता फिरवतो आणि हद्दीवर शेजारच्या रंगात अडकवतो. म्हणून पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. पदर उलटा कर आणि मोरावरून नख हलकेच फिरव. लोंबते किंवा कापलेले धागे नखात अडकले तर नक्षी मागाच्या यंत्राने उठवलेली आहे. हे कुणाच्या साडीवर करायचं ते आधी विचारून कर. लग्नघरात तर मुळीच नको.

मुलांकडून करून घ्यायला आलेख-कागदाचा खेळ घे. १६ चौकटी रुंद असा एक मोर काढ, भरलेली चौकट म्हणजे १, रिकामी म्हणजे ०. एकाने ओळी फोनवर वाचायच्या, दुसऱ्याने दुसऱ्या खोलीत भरायच्या. हमखास बिघडतं ते असं: एखादा शून्य गळतो आणि तिथून पुढे मोराची मान मोडते. मग त्यांना सांग, प्रत्येक ओळीत सोळा आकडे आले का ते मोजा आणि ओळीच्या शेवटी भरलेल्या चौकटींची बेरीज वाचा. समजा ओळ ००११०१०० ००१०००००, बेरीज ४. ऐकणाऱ्याकडे ३ भरले की ओळ पुन्हा मागायची. पण एक १ गळला आणि दुसरीकडे एक जास्तीचा घुसला तर बेरीज ४च येते आणि चूक निसटते. मग उभ्या रांगांचीही बेरीज घ्यायची. एवढं झालं की चूक नेमकी कुठल्या चौकटीत आहे तेही बऱ्याचदा सापडतं. संगणक माहिती पाठवताना याच जातीची युक्ती वापरतो. शब्द न सांगता मुलांना ती कळलेली असते.

मोराचंच दुसरं पान, 'मोरपिसात निळा रंग नसतो', हे खरं आहे, पण नुसतं वाचून पटत नाही. पीस खिडकीकडे धर, उजेड मागून येऊ दे. निळा-हिरवा जाऊन तपकिरी उरतो. पिसात असतं काळपट मेलॅनिनच. त्याच्या बारीक काड्यांची जाळी असते आणि जाळीतल्या अंतरावर कुठला रंग परत फिरेल ते ठरतं. शेजारी धूपछाव कापडाचा तुकडा ठेव. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. तेही हलवलं की बदलतं, पण एकेक धागा ओढून काढलास तर त्याचा रंग कायम. पीस गळून पडलेलंच हवं, १९७२च्या वन्यजीव कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत आहे.

'पट्टे रंगवलेल्या गायींना माश्या कमी चावतात' याखाली तू पोळ्याच्या बैलांचा फोटो लावलायस. काढ तो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानमधल्या त्या प्रयोगात सहा काळ्या गायी होत्या. त्यांना पांढरे पट्टे ओढले, तेव्हा चावऱ्या माश्या निम्म्यावर आल्या. त्याच गायींना काळे पट्टेही ओढून पाहिले होते, म्हणजे परिणाम रंगाच्या वासाचा नाही हे कळावं. ते काळे पट्टे हाच या नवलाचा जीव आहे आणि तुझ्या पानावर नेमके तेच नाहीत. बैलावरचे गेरूचे ठिपके आणि हाताचे ठसे यांची चाचणी त्यात झालेली नाही.

शेवटी संगणकाचं एक तुला देतो, तुझ्या वहीत नाही. चंद्रकळा हा शब्द घे, काळ्या साडीचं नाव. डोळ्यांना चार अक्षरं: चं, द्र, क, ळा. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लांबी विचार, ती आठ म्हणेल: च, अनुस्वार, द, हलन्त, र, क, ळ, काना. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे चोवीस. आता शब्द उलटा करायला सांग. 'ळाकद्रचं' येत नाही. आधी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला एकटा काना येतो, मग ळ, मग क, आणि पुढे र्दं! र आधी आला, हलन्त मध्ये, द नंतर, म्हणून द्रचा रफार झाला. यंत्राने काही चुकीचं केलं नाही, त्याने मणी उलटे ओवले. अक्षर म्हणजे काय हे आपल्या डोक्यात आहे, त्याच्या नाही.

यातून रोजची पंचाईत होते. 'कोऱ्या साड्या' मधला तो वळलेला र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खास ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एका पद्धतीने शोधलंस तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं हाती लागेलच असं नाही. 'ॲप' मधला ॲ सुद्धा असाच, एकसंध ॲ वेगळा आणि अ ला चंद्र जोडलेला वेगळा. भित्तिपत्रकाची फाइल तिघीजणी मिळून टाइप करणार असाल तर आधी एक पद्धत ठरवा, नाहीतर शेवटच्या रात्री एकच शब्द तीनदा शोधत बसाल.

पुढच्या रविवारी येताना उघडा रिले घेऊन ये, झाकण नसलं तरी चालेल. आणि मोरपीस वहीत दाबून ठेवू नकोस, पाकिटात ठेव.

तुझा,
काका

ता. क. चादर रात्रभर टांगून ठेवू नकोस. अकराला दिवा बंद करून हलकेच झटकून घे. सकाळपर्यंत तशीच राहिली तर बुलबुल ताटावर बसल्यासारखे येऊन बसतात.