पुण्यात नवीन आहात, मुलं लहान आहेत, तर…

क्लास लावायची घाई करू नका. माझ्या मुलीसाठी मी एका नृत्यवर्गाची वर्षभराची फी एकदम भरली. दीड महिन्यात तिचं मन उडालं आणि पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून आधी दोन-तीन तास नुसते बघायला बसू देतील का, हे विचारते. नाही म्हणाले तर पुढचा वर्ग. घरापासून वीस मिनिटांपेक्षा लांबचा क्लास पावसाळ्यात टिकत नाही, हाही अनुभव.

त्याआधी टेकडीची सवय लावा. पर्वतीपासून सुरुवात करा. 103 पायऱ्या, पाच वर्षांचं मूल मोजत मोजत चढतं. वर नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं देवदेवेश्वर मंदिर आहे, आणि शहर चारी बाजूंनी दिसतं. उन्हाळ्यात सातच्या आत चढायला लागा. पाय तयार झाले की वेताळ टेकडी. तिथे मोर दिसतात, पण मुलांनी आरडाओरडा केला तर नाही. पाणी घरूनच न्या.

पावसाच्या रविवारी बाजीराव रस्त्यावरचं केळकर संग्रहालय. सगळे मजले एका दिवसात उरकू नका. फक्त दिवे आणि अडकित्ते दाखवा, मुलं स्वतःहून पुन्हा चला म्हणतात. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

आणि महिन्यातून एक रविवार मोकळाच ठेवा, सोसायटीच्या आवारात खेळायला.