घरावर कर्ज काढण्याआधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या परदेशातल्या शिक्षणासाठी फतेगंजच्या कन्सल्टंटने दिलेला खर्चाचा तक्ता पाहिला. फी, राहणं, विमा, विमानाचं तिकीट मिळून 28 लाख, आणि खाली पेन्सिलने लिहिलंय, ‘घरावर लोन?’ अक्षर तुझ्या बाबांचं असावं. मकरपुऱ्याच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून उभं केलेलं घर ते मुलीसाठी पणाला लावायला निघाले आहेत. त्यांना माझा नमस्कार सांग. आणि इतक्यात कुठेही सही करू नका, असंही सांग.

तुझ्याकडून एक पैसा न घेता त्या माणसाचं ऑफिस कसं चालतं, याचा विचार केलास? त्याचं कमिशन येतं परदेशातल्या कॉलेजकडून, म्हणजे तू भरणार त्या फीमधूनच. जिथे फीच नाही किंवा प्रवेशासोबत शिष्यवृत्ती मिळते, तिथून त्याच्या हाती काही लागत नाही, मग त्याच्या यादीत ती नावं यायची कशी? माणूस वाईट असेलच असं नाही. त्याचं हित एकीकडे आणि तुझं दुसरीकडे, इतकंच. तुझ्या वर्गातल्या ज्या मुलींचे काका-मामा न्यू जर्सीत आहेत, त्यांना हे जेवताना घरातच कळतं. तुझ्या घरात पहिली पदवी तुझीच होणार. मार्क तुझे त्यांच्याहून कमी नाहीत. त्यांना सांगणारं कुणीतरी आहे आणि तुला नाही, याचा मला खरोखर राग येतो, आणि म्हणूनच हे पत्र लांबणार आहे.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप तुझ्यासाठीच आहे. वर्षाला 125 जागा. त्यातल्या 115 अनुसूचित जातींसाठी, उरलेल्या भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. 30 टक्के जागा मुलींना. घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, पदवीला 60 टक्के, वय 35 च्या आत, आणि शिक्षण मास्टर्स किंवा पीएचडी. प्रवेश क्यूएस या जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या 500 विद्यापीठांपैकी एकात मिळवायचा. मग फी, विमानभाडं, व्हिसा, विमा सगळं सरकार भरतं, वर राहण्या-खाण्याला अमेरिकेत वर्षाला 15,400 डॉलर किंवा ब्रिटनमध्ये 9,900 पौंड. एवढ्या मोठ्या देशाला सव्वाशे जागा फारच थोड्या आहेत, त्या वाढल्याच पाहिजेत. शिवाय 2022 पासून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतातल्या समाजावरचं संशोधन या योजनेतून वगळलंय. स्वतःच्या वस्तीचा, स्वतःच्या माणसांचा अभ्यास करू पाहणाऱ्या मुलामुलींची वाट त्यामुळे बंद झाली, आणि मला तो अन्याय वाटतो. तुझा विषय पाण्याचा, म्हणून तुझी वाट मोकळी आहे.

आता तुझा खरा अडसर सांगते. तुझे आजोबा जळगावकडून प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आले. आपल्या बडोद्यात अशी कितीतरी मराठी घरं आहेत, आणि कागदांच्या बाबतीत ती दोन राज्यांच्या मध्ये लटकतात. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती तुला मिळणार नाही, कारण तिला महाराष्ट्राचा रहिवास लागतो. गुजरातच्या योजनांमध्ये बाहेरून आलेल्या कुटुंबाच्या दाखल्यावर प्रश्न निघू शकतो. केंद्राच्या योजनेला मात्र मूळ राज्याच्या आधारावर मिळालेला जातीचा दाखला चालतो, आणि बाबांचा तिकडचा दाखला दाखवला की इथले अधिकारी तुला तुझा दाखला देऊ शकतात. बाबांकडे तो नसेल तर जळगावची फेरी आली, आजोबांच्या शाळेची किंवा नोकरीची नोंद शोधणं आलं. यात महिने जातात. माझ्या पाहण्यातली हुशार मुलं मुलाखतीत अडली नाहीत, या एका कागदापाशी अडली. म्हणून प्रवेशाचे अर्ज नंतर, हे काम आधी. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जनसेवा केंद्रात जाशील तेव्हा सगळ्या कागदांवरचं नाव-आडनाव अक्षरशः एकसारखं आहे ना, ते बघ. पासपोर्टही आत्ताच कर.

दुसरी वाट युरोपची, युरोपियन युनियनची इरॅस्मस मुंडुस ही मास्टर्सची शिष्यवृत्ती. तिथे जातीचा दाखला लागत नाही आणि स्पर्धा साऱ्या जगाशी असते. मिळाली तर फी माफ आणि महिन्याला 1,400 युरो. एकाच पदवीत दोन-तीन देशांतल्या विद्यापीठांत शिकायला मिळतं. बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत भरतात, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या दिवाळीत तुझी तयारी झालेली हवी. जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही, हे खरं. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधी खात्यात दाखवावे लागतात, ते कुणी सांगत नाही. डाड (DAAD) या तिथल्या संस्थेची शिष्यवृत्ती हाती असेल तरच तो विचार कर.

परीक्षांच्या फीला घाबरून थांबू नकोस. युरोपात काही ठिकाणी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेऐवजी इंग्रजी माध्यमातून शिकल्याचं युनिव्हर्सिटीचं पत्र चालतं. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं अर्जाची फी माफ करतात, फक्त तसं ईमेल करून विचारावं लागतं.

तू फोनवर विचारलंस, ‘बाई, सवलतीवर गेलं तर लोक काय म्हणतील?’ बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबियाला गेले ते याच बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी, असा करार. मुदत संपत आल्यावर त्यांनी ती वाढवून मागितली. 1917 मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून यावं लागलं. आपल्या बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून लोकांनी हाकललं. पण लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी तिथल्या विद्यापीठाकडून चार वर्षांत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी घेऊन ठेवली होती. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्राकडून कर्ज घेतलं, 1920 ला परत गेले आणि 1923 ला डी.एस्सी. झाले. मागायची वेळ आली तेव्हा त्यांनी मागितलं, लेखी मागितलं, पुन्हा मागितलं. तू कशाला लाजतेस?

तुझा एसओपीचा, म्हणजे प्रवेश-अर्जासोबतच्या निवेदनाचा, मसुदा मला आवडला नाही. ‘मला लहानपणापासून पर्यावरणाची आवड आहे’ हे हजार अर्जांत असतं. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी तुमच्या भिंतीवर कुठवर चढलं, ते ओसरल्यावर तू वस्तीतल्या हातपंपांचे नमुने का गोळा केलेस, लॅबमध्ये काय निघालं आणि कशाचं उत्तर तुला मिळालं नाही, ते लिही. त्या उत्तरासाठी तिथल्या कुठल्या प्राध्यापकांचं काम उपयोगी पडेल, तेही नावानिशी लिही. शिफारसपत्र डीनसाहेबांकडून नको, त्यांनी तुला पाहिलेलं नाही. ज्या सरांनी तुला ते नमुने तपासताना पाहिलं, त्यांना निदान महिनाभर आधी सांग आणि सोबत तुझ्या प्रोजेक्टचा अहवाल दे.

सोमवारी दुपारी हंसा मेहता लायब्ररीत ये. बाबांच्या शाळेचा दाखला, आजोबांच्या रेल्वेच्या नोकरीचे असतील ते कागद आणि एसओपीचं नवं पहिलं पान घेऊन ये. बाबांना सुट्टी मिळाली तर त्यांनाही आण, घराच्या कर्जाबद्दल मला त्यांच्याशीच बोलायचंय.

तुझ्या बाई