जलयुक्त शिवारने पाणी वाढले का, हे ठरवायचे कसे?

तुमचा प्रश्न असा आहे : जलयुक्त शिवारची एवढी कामे झाली, विहिरींना पाणी आले, मग योजना यशस्वी झाली म्हणायला हरकत काय? हरकत आहे. किती बंधारे झाले यावरून पैसा कुठे गेला ते कळते, पाणी किती वाढले ते कळत नाही.

राज्य सरकारचे हे जलसंधारण अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले. दरवर्षी ५,००० गावे टंचाईमुक्त करायची होती. २०१४ आणि २०१५ दुष्काळात गेली, २०१६ ला चांगला पाऊस झाला. त्यामुळे मे २०१५ आणि मे २०१७ ची पाणीपातळी शेजारी ठेवली, तर नाल्यात जेसीबी न उतरलेल्या गावातही ती वर आलेली दिसू शकते. त्यात गावे निवडली तीच टंचाईची. अगदी वाईट वर्षानंतरचे वर्ष बहुधा बरे असतेच. नुसत्या ‘आधी-नंतर’ तुलनेत हे सगळे योजनेच्या खात्यावर जमा होते.

म्हणून तुलनेला काम न झालेली गावे लागतात : तोच खडक, तेवढाच पाऊस, साधारण तीच पिके. समजा, कामाच्या गावांत मे महिन्याची पातळी १.५ मीटर वर आली आणि तुलनेच्या गावांत १.१ मीटर. मग योजनेचा वाटा ०.४ मीटर. बेसॉल्टच्या मुरमाड थरात साधारण २ टक्केच पाणी मावते. १,००० हेक्टरच्या शिवारात १ मीटर वाढ म्हणजे सुमारे २०० टीसीएम (हजार घनमीटर), आणि ०.४ मीटर म्हणजे ८०. खर्चाला भागायचे ते या ८० ने, सगळ्या वाढीने नाही.

तुलनेचे गाव त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला नको. वर पाणी अडवल्याने त्याच्या विहिरी खाली गेल्या, तर वरच्या गावाचे यश फुगून दिसते, आणि खालच्यांचे नुकसान हिशेबात येतच नाही. ही चूक फार होते. दुसरी चूक म्हणजे फक्त मे महिन्याचे मोजमाप. मुरलेले पाणी हिवाळ्यात उसाला गेले तर मे महिन्यात काहीच फरक दिसत नाही. म्हणून ऑक्टोबरची पातळी आणि रब्बी-उन्हाळी क्षेत्रही हवे. गाळ साचला की साठा घटतो, तेव्हा तीनेक वर्षांनी पुन्हा मोजायलाच हवे.

खरे तर ही सोय आधीच करता येते. मेक्सिकोने १९९७ मध्ये गरीब कुटुंबांना रोख मदत देणारी प्रोग्रेसा योजना आणताना ५०६ गावांपैकी ३२० गावे सोडतीने आधी घेतली, १८६ नंतर. सगळ्यांना पहिल्याच वर्षी देणे शक्य नव्हतेच, त्यामुळे अन्यायही झाला नाही. आपल्याकडेही टप्पे होते. सारख्याच टंचाईच्या गावांत पहिला टप्पा कोणाचा हे चिठ्ठीने ठरवले असते, तर आज वाद घालायची वेळ आली नसती. नंतर कॅगने (सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी) ६ जिल्ह्यांतली १२० गावे तपासली आणि ९,६३३.७५ कोटी खर्चूनही भूजलपातळी वाढवण्यात फारसा परिणाम झाला नसल्याचे २०२० मध्ये मांडलेल्या अहवालात म्हटले. त्याला ठाम उत्तर द्यायला सुरुवातीपासूनची तुलनेची गावे हाताशी हवी होती.

तुमच्या गावापुरते पाहायचे असेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून जवळच्या निरीक्षण विहिरीच्या ऑक्टोबर आणि मे च्या नोंदी मागा; किमान कामाआधीची ५ वर्षे. महसूल मंडळाचा पाऊस आणि तलाठ्याकडची पीकपाहणी त्याला जोडा. मधल्या काळात नवीन बोअर किती पडले, हे मात्र गावातच विचारावे लागेल.