तुरुंगांवरचा पैसा काढून सुटून आलेल्या कैद्यांच्या पुनर्वसनावर लावावा का?

लावावा, पण आधी जामिनावर आणि मग पुनर्वसनावर. मी ग्वाल्हेरचा. इथल्या लष्कर नावाच्या भागात माझा फर्निचरचा छोटा कारखाना आहे आणि शिक्षा भोगून आलेला एक सुतार तीन वर्षं माझ्याकडे कामाला आहे. जे लिहितोय ते त्याच्याकडे बघून.

जेलचा खर्च म्हणजे मुख्यतः पगार आणि शिधा. पन्नास कैदी घटले म्हणून बराकीवरचा पहारा घटत नाही. खरा पैसा वाचतो तो नवी बराक बांधायची टळली की. टेक्सासने २००७ मध्ये हेच केलं. नवे तुरुंग उभारण्याऐवजी सुमारे २४ कोटी डॉलर व्यसनमुक्ती आणि उपचारांकडे वळवले, आणि २०११ मध्ये एक जुना तुरुंग चक्क बंद केला.

आपल्याकडे गर्दी आहे ती कच्च्या कैद्यांची. २०२२ अखेर देशातल्या जेलांत ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातली ४ लाख ३४ हजार खटला चालू असलेली. सगळ्या जेलांची मिळून क्षमता ४ लाख ३६ हजार! म्हणजे जेल भरायला कच्चे कैदीच पुरतात. आमच्याच मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता. भाऊ उभा राहिला, तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायला सांगितलं. २०२३ मध्ये गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदतीची केंद्राची योजना निघाली. तेव्हा वर्षाची तरतूद होती वीस कोटी. एवढ्या देशाला वीस कोटी म्हणजे भाजीत चिमूटभर मीठ.

आता आमचा सुतार. आत त्याला लाकूडकाम शिकवलं, आणि उत्तम शिकवलं. त्याच्या सांध्यात केस शिरणार नाही. पण बाहेर सगळं प्लायवुड आणि सनमायका. पहिल्याच आठवड्यात त्याने लॅमिनेटची अख्खी शीट कडेला फोडली आणि दिवसभर जेवला नाही. त्याहून वाईट अडचण मोबाइलची. आधारला जोडलेलं सिम कधीच बंद पडलेलं, त्यामुळे ओटीपी नाही, खातं चालेना, आत कमावलेली मजुरी खात्यात पडून. नंबर बदलायला तीन चकरा झाल्या. फी किरकोळ होती, पण सोबत जायला कुणीतरी हवं होतं. पुनर्वसनाचा पैसा मी आधी इथे लावीन. सुटणाऱ्याचे कागद सुटायच्या महिनाभर आधी नीट करून देणारा एक माणूस नेमावा.

सरकारला हे जमत नाही असं नाही. १४ एप्रिल १९७२ ला आमच्या शेजारच्या जौऱ्याला चंबळच्या बागींनी, म्हणजे दरोडेखोरांनी, जयप्रकाश नारायणांच्या उपस्थितीत शस्त्रं ठेवली, आणि पुढच्याच वर्षी मुंगावलीला त्यांच्यासाठी खुलं जेल निघालं. खून-दरोड्यांच्या माणसांसाठी सरकार हललं. सायकलचोरासाठी कोण हलणार? (इथले जुने लोक अजून ‘डाकू’ म्हटलं की रागावतात, ‘बागी’ म्हणा म्हणतात.)

सुताराला भाड्याची खोली मिळवून देणं मात्र मलाही जमलेलं नाही. पोलीस पडताळणीचा कागद पाहिला की घरमालक अनामत परत करतो. सुतार अजून कारखान्याच्या माळ्यावर झोपतो.