जुन्या दुखण्यावर ओपिऑइड: नव्या फॅमिली डॉक्टरसाठी

डॉक्टर, बरीच वर्षे ओपिऑइडवर (मॉर्फिनसारख्या अफूवर्गीय वेदनाशामकांवर) असलेला रुग्ण तुमच्याकडे आला, की घाबरून गोळ्या एकदम बंद करू नका. सुरुवातीची सर्वांत घातक चूक हीच. शरीराला सवय झालेली असते. अचानक तोडल्यास जुलाब, घाम, तळमळ सुरू होते, दुखणे उसळते, आणि माणूस बाहेरून गोळ्या मिळवू लागतो किंवा जिवाचे बरेवाईट करून घेतो. डोस उतरवायचाच ठरला तर महिन्याला साधारण 10 टक्के, तेही त्याच्याशी बोलून. मध्ये थांबावे लागले तरी चालेल.

पहिल्या भेटीत एवढे कराच:

- दिवसाचा एकूण डोस मॉर्फिनच्या हिशेबात मांडा. ऑक्सिकोडोन 20 मिग्रॅ दिवसातून दोनदा, म्हणजे 40 × 1.5 (ऑक्सिकोडोनचा गुणक) = मॉर्फिनचे 60 मिग्रॅ. दिवसाला 50 मिग्रॅपुढे धोका वाढत जातो, फायदा फारसा नाही. नालोक्सोन (ओपिऑइडचा अतिडोस उलटवणारे औषध) घरी ठेवायला सांगा आणि ते कसे द्यायचे हे घरच्यांना शिकवा.
- झोपेच्या गोळ्या, दारू, घोरणे, सगळे विचारा. बेंझोडायझेपिन (झोपेच्या व चिंतेच्या गोळ्यांचा एक वर्ग) सोबत असेल तर श्वास मंदावण्याचा धोका मोठा. पण तेही एकदम तोडू नका, झटके येतात.
- बद्धकोष्ठतेचे औषध पहिल्या दिवसापासून.

‘दुखणे दहापैकी किती?’ एवढ्यावर थांबू नका. जिना चढता येतो का, झोप लागते का, हे दर वेळी नोंदवा. डोस वाढवूनही त्यात फरक नसेल, तर आणखी वाढवणे व्यर्थ.

मेथाडोन आणि फेंटानिल पॅचचे गणित सध्या अनुभवी सहकाऱ्याला विचारूनच करा.